शैलाबाईंचा जपानी कॅफे

"म्हणजे आपण दार ढकलून आत गेलो की त्या पोरी वाकून म्हणणार, 'या मालक, घरी आपलं स्वागत असो', आणि याचं आपण बिल भरायचं?" गुरुनाथनं पोळीचा तुकडा हवेतच धरून विचारलं.

"येस बाबा. दॅट्स द होल पॉइंट," चारुता म्हणाली.

चौदा वर्षांची चारुता हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या त्या घरात फक्त देहानं राहत होती. मनानं ती गेलं वर्षभर टोकियोत होती. तिथे अकिहाबारा नावाचा भाग आहे, हे तिनं घरातल्या प्रत्येकाला किमान सहा वेळा सांगून झालं होतं. तिथल्या मेड कॅफेत म्हणे झालरीचे एप्रन घातलेल्या मुली ऑम्लेटवर केचपनं बदाम काढतात आणि पदार्थ चवदार व्हावा म्हणून दोन्ही हातांचा बदाम करून मंत्र म्हणतात. दुसऱ्या कॅफेत नुसती मांजरं. तिसऱ्यात सुटाबुटातले बटलर बायकांना राजकन्या म्हणतात. आणि एका ठिकाणी तर वेट्रेस गिऱ्हाइकावर चक्क खेकसतात, तरी बाहेर रांग.

"खेकसायचे पैसे?" गुरुनाथनं बायकोकडे पाहिलं. "नीलिमा, अगं आपण फुकट वाटतोय!"

"तुला मी अजून फक्त ट्रायल व्हर्जन दिलंय," नीलिमा म्हणाली. "भाजी संपव."

"पण मला एक सांग, माणसं 'घरी या' ऐकायला हॉटेलात कशाला जातात? मी रोज घरी येतो. दार उघडलं की मला ऐकू येतं, 'चपला बाहेर!'"

"कारण तू चपला बाहेर काढत नाहीस."

चारुताला हे सगळं विनाकारण सुचलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी देशाच्या दुसऱ्या टोकाला जपानी कार्टूनवेड्यांची मोठी जत्रा भरणार होती. वर्षभर ती तिची वाट बघत होती. पोशाख शिवून तयार होता, डोक्याला लावायचे मांजराचे कानसुद्धा. फक्त बाबा 'हो' म्हणत नव्हता. त्याआधीच्या सोमवारी क्वीन्स डे, म्हणजे राणीचा वाढदिवस. त्या दिवशी अख्खा हॉलंड नारिंगी कपडे घालून घरासमोर दुकान मांडतो. मग आपणही घरी मेड कॅफे उघडायचा, लोक किती खूश होतात ते दाखवायचं, की बाबा विरघळेल, असा तिचा हिशेब.

बाबा विरघळणाऱ्यातला नव्हता. गुरुनाथ सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा त्याला पगार मिळायचा. खोड्या काढायची सवय मात्र जन्मजात होती, ती तो बिनपगारी जोपासायचा. त्याच्या टीममधला रुचिर पुण्याहून नवा आला तेव्हा गुरुनाथनं त्याला सांगितलं होतं, की इथे पुलाखालून जाताना सायकलची घंटी तीनदा वाजवायचा कायदा आहे. रुचिर महिनाभर वाजवत होता.

"ठीक आहे," गुरुनाथ म्हणाला. "पैज लावू. पण सगळं लेखी."

आणि त्यानं जेवणाच्या टेबलावर, ऑफिसात करतात तसा, अटींचा कागद केला. पंधरा पाहुण्यांच्या सह्या. प्रत्येकानं सहीबरोबर 'पुन्हा येईन' असं लिहायचं. घरचं कोणी चालणार नाही. पाच वाजता वही बंद. दोनदा वाचून त्यात कुठे पळवाट नाही याची त्यानं खात्री करून घेतली. चारुतानं खाली एक अट वाढवली : मी जिंकले तर जत्रेला बाबा माझ्याबरोबर येणार. एप्रन घालून. कानांसकट.

"बिनधास्त," म्हणत गुरुनाथनं सही ठोकली. या गावात भाऊ भावाकडे जातानासुद्धा तीन आठवडे आधी डायरीत वेळ लिहून घेतो. अनोळखी घरात शिरून कोण ऑम्लेट खाणार?

कोपऱ्यात शैलाबाई, नीलिमाच्या आई, लसूण सोलत हे ऐकत होत्या. कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पाचव्या दिवसापासून त्यांना काम पुरत नव्हतं.

"म्हणजे चारू," त्या म्हणाल्या, "येईल त्याला जावई आल्यासारखं करायचं, एवढंच ना? त्यात जपानचं काय आहे?"

"आजी, नो! इट्स अ थीम. तू प्लीज फक्त एप्रन शिव."

शैलाबाईंनी शिवले. दोन एप्रन, तीन-तीन पदरी झालर. इतकं कापड आलं कुठून, हे सोमवारी सकाळी नीलिमाला पुढच्या खोलीत शिरल्यावर कळलं.

"आई! माझे पडदे!"

"अगं, इथे कोणाच्याच खिडकीला पडदे नाहीत. तुमचं एकट्यांचं घर झाकलेलं. लोकांना वाटत असेल आत काहीतरी चालतं."

नीलिमानं डोक्याला हात लावला. पण वेळ नव्हता, कारण तेवढ्यात फोन वाजला. चारुताची मैत्रीण फेमके तापानं फणफणली होती. ऑम्लेट करणारी फेमकेच होती. चारुताला फक्त वाकून नमस्कार करता येत होता.

तिनं दोन ऑम्लेटं स्वतः करून पाहिली. पहिलं तव्याला सोडेना. दुसऱ्यानं छतावरचा धुराचा अलार्म वाजवला. बारा वाजत आले, वही कोरी. फाटकावरची 'वेलकम होम, मास्टर' ही चमकीची पाटी वाचून लोक हसून पुढे जात होते. कोणीतरी लांबच्या प्रवासाहून घरी परत येतंय, त्याच्यासाठी लावलीय, असं त्यांना वाटत होतं. चारुताचा चेहरा पाटीहून लांब झाला.

शैलाबाईंनी दुसरा एप्रन उचलला आणि नऊवारीवर बांधला. फेमकेचे मांजराचे कानही अंबाड्याच्या पुढे खोचले.

"अंड्याला मी हात लावणार नाही. पण बेसन आहे, टोमॅटो आहे. आपलं टोमॅटो ऑम्लेट करते. वर केचप पडलं की सगळी सारखीच दिसतात."

"पण आजी, तुला डच येत नाही!"

"जेवायला वाढायला कशाला डच लागतं?"

हे ऐकून गुरुनाथच्या डोक्यात खोडी उगवली. शेजारचा हेंक आपल्या बागेत खुर्ची टाकून बसला होता. सत्तरीला टेकलेला, एकटा, आणि घड्याळाला लाज वाटावी इतका शिस्तीचा. सहा वर्षांपूर्वी हे लोक राहायला आले तेव्हा त्यानं कॉफीला बोलावलं होतं. प्रत्येकी एक बिस्किट देऊन डब्याचं झाकण लावलं, तो आवाज गुरुनाथ अजून पार्ट्यांमध्ये काढून दाखवायचा. हेंकची आणखी एक सवय त्याला ठाऊक होती. लहानपणी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यानं उपास काढले होते. तेव्हा हार्लेममध्ये आईनं लावलेल्या शिस्तीनं, पुढ्यात आलेलं ताट लख्ख केल्याशिवाय तो अजूनही उठत नसे. आणि सासूबाईंची सवय तर सोळा वर्षं तो पोटावर झेलत आला होता. पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की त्यांना स्वतःची बेअब्रू झाल्यासारखं वाटायचं.

हे दोघं समोरासमोर आले तर काय होईल? हेंक चिडून उठेल, आणि हेंक चिडून उठला की ती बातमी सगळ्या गल्लीभर. गुरुनाथ कुंपणाशी गेला.

"हेंक, माझी मुलगी फार निराश झालीय. एकही पाहुणा नाही. पाच मिनिटं येतोस?"

हेंकनं घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं चालतील."

चारुता वाकली, मंत्र म्हणाली, सगळं रीतसर केलं. केचपचा बदाम काढलेलं टोमॅटो ऑम्लेट हेंकपुढे आलं. हेंकनं काट्या-चमच्यानं चारी बाजूंनी समान तुकडे करत ते संपवलं आणि काटा-चमचा ताटात शेजारी-शेजारी ठेवला. इथे याचा अर्थ, झालं माझं.

"अगोबाई, ताट रिकामं!" म्हणत शैलाबाईंनी दुसरं वाढलं.

हेंकनं आश्चर्यानं पाहिलं. पण ताटात आलं ते आलं. त्यानं ते संपवलं. तिसरं आलं. तेही संपवलं. कराडच्या शैलाबाई आणि हेंकची हार्लेमची आई, जन्मात एकमेकींना न भेटलेल्या, त्या टेबलावर आमनेसामने उभ्या ठाकल्या होत्या आणि दोघींपैकी कोणी मागे हटायला तयार नव्हती. गुरुनाथ स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर फडकं दाबून हसत होता.

"हेंक, थोडं ताटात ठेव ना," चारुता कळवळून म्हणाली.

"मला नाही जमत," हेंक घाम पुसत म्हणाला.

"आजी, थांब ना!"

"पाहुण्याला भुकेला उठवू?"

पाचव्या ऑम्लेटला हेंकनं पट्टा एक भोक सैल केला. नीलिमाला राहवलं नाही. तिनं त्याला ताटावर हात आडवा धरायची आपली युक्ती दाखवली. हेंकनं मोठ्या आशेनं दोन्ही हात ताटावर पसरले. शैलाबाईंनी कौतुकानं मान हलवली आणि बोटांच्या फटीतून बेसनाचा लाडू आत सरकवला.

"जेवायला लाजायचं नाही, हेंकराव!"

आता नेहमीसारखे पडदे असते तर हे सगळं घरातल्या घरात मिटलं असतं. पण पडद्यांचे एप्रन झाले होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं लख्ख दिसत होतं. आणि काय दिसत होतं, तर हेंक! जो वाढदिवसालाही कोणाकडे अर्ध्या तासाच्या वर बसत नाही तो हेंक, मांजराचे कान लावलेल्या एका परदेशी आजीसमोर, तासाभरापासून खातोय. आजी कमरेवर हात ठेवून त्याला रागावतेय. आणि तो मान खाली घालून ऐकतोय!

आधी पोस्टाचं काम करणारी बाई फाटकातून डोकावली. मग समोरच्या घरातलं जोडपं आलं. मग जुनी खेळणी विकणारी तीन पोरं आपलं दुकान सोडून आली, त्यांच्यामागून त्यांच्या आया.

"आलात? हात धुवा आधी," शैलाबाई प्रत्येकाला मराठीत सांगत होत्या आणि प्रत्येक जण धुऊन येत होता. एका सहा फुटी माणसानं ताटात टोमॅटोची फोड बाजूला काढली. त्याला त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं ती खाल्ली आणि वर 'सॉरी' म्हणाला.

"हे जपानमधलं आहे का?" त्याच्या बायकोनं चारुताला विचारलं.

चारुतानं क्षणभर विचार केला. "हो. हा खेकसण्याचा कॅफे आहे. फार पॉप्युलर."

वहीत सह्या पडू लागल्या. चार, सहा, नऊ. गुरुनाथचं हसू आटलं. त्यानं राखीव अस्त्र काढलं. रुचिरला फोन केला.

"ये, भरपूर नावं ठेव, आणि सही न करता निघून जा. बाकीचे बघून बिथरतील."

"बॉस, मला ना यात काही—"

"पुलाखालची घंटी आठवते ना? ऑफिसात सगळ्यांना सांगू?"

रुचिर आला, तोंड वाकडं करून बसला. दोन वर्षं तो डब्यातल्या सूपवर आणि गोठवलेल्या पिझ्झ्यावर जगत होता. शैलाबाईंनी ताट ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "किती वाळलास रे! आई काय म्हणेल तुझी?"

रुचिरनं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं 'पुन्हा येईन' चार वेळा लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

"गद्दार!" गुरुनाथ दारातून कुजबुजला.

"सॉरी बॉस. ठेचा पण आहे, तू सांगितलं नव्हतंस."

एवढ्यात नीलिमानं गुरुनाथची कॉलर धरली. "उभा काय राहिलायस? बाहेर सहा माणसं थांबलीत. कांदा चीर."

"मी विरोधी पक्ष आहे!"

"विरोधी पक्षानंच कांदा चिरायचा असतो. आणि एप्रन घाल, शर्ट खराब करशील."

एकच एप्रन उरला होता, चारुतानं काढून ठेवलेला. नाचानाचीत तिला तो उकडत होता. तीन पदरी झालर लेवून गुरुनाथ कांदे चिरू लागला. मग भांडी. मग पाणी. मग पाहुण्यांनी विचारलं, की बटलर कोण? चारुतानं आपले कानही त्याच्या डोक्यावर बसवले. रुचिर आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढत होता. एक, दोन, वीस.

तीन वाजता हेंक खुर्चीतून उठायचा प्रयत्न करून पुन्हा बसला.

"हाउसआर्ट्सला, आपल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करायचा का?" नीलिमानं काळजीनं विचारलं.

"कशाला? इथला डॉक्टर काहीही झालं तरी सांगणार, पॅरासिटामॉल घ्या," गुरुनाथ म्हणाला. "आई, ताक द्या त्याला."

ताकानं हेंक ताळ्यावर आला. चारुतानं वही पुढे केली. तोपर्यंत तेरा सह्या झाल्या होत्या. हेंकनं चष्मा लावला, 'पुन्हा येईन' वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे मी लिहू शकत नाही."

गुरुनाथच्या अंगात जीव आला.

"पुन्हा येईन म्हणजे कधी?" हेंक म्हणाला. "असं मोघम कसं लिहायचं?" त्यानं खिशातून छोटी डायरी काढली. "शनिवारी, साडेबारा. चालेल का त्यांना विचार. आणि त्या भारतात परत कधी जातात? तोवरचे सगळे शनिवार मी लिहून ठेवतो." मग जरा थांबून, डायरीतच बघत म्हणाला, "आमच्याकडे आता कोणी 'आलास का' विचारत नाही. अकरा वर्षं झाली."

चारुतानं भाषांतर केलं. शैलाबाईंनी हेंकच्या खिशात पुडीत बांधून दोन लाडू ठेवले.

चौदा.

आणि तिथेच गाडं अडलं. साडेचारला गल्ली ओस पडली. लोक आपापली दुकानं गुंडाळून घरी गेले. इथे संध्याकाळी सहाला जेवायचं म्हणजे पाचला घरात हवं. बेसन डब्याच्या तळाशी गेलं. पावणेपाचला चारुता फाटकात उभी होती, रस्त्यावर नारिंगी कागदाचे तुकडे सोडून काही नव्हतं. ती आत आली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. रडली नाही. ते गुरुनाथला जास्त टोचलं.

"अट म्हणजे अट," तो आपल्याशीच म्हणाला. पण आवाज पडला होता.

"गुरुनाथराव," शैलाबाईंनी हाक मारली. "सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. बसा."

"नको आई, मी आपलं—"

"बसा म्हटलं ना."

शेवटच्या बेसनाचं ऑम्लेट आलं. कडा कुरकुरीत, वर केचपचा बदाम, शैलाबाईंनी स्वतः काढलेला, जरा पिंपळाच्या पानासारखा. बाजूला ठेचा, मग ताक. गुरुनाथनं दोन-तीन तास उभं राहून कांदा चिरला होता. त्यानं ताट कधी रिकामं केलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. लाडू आला. दुसरा आला. त्यानं ताटावर हात आडवा धरला, तिसरा फटीतून आला.

"कसं झालंय?" शैलाबाईंनी विचारलं.

"आई, खरं सांगू? टोकियोवाल्यांनी इथे शिकायला यावं."

"मग पुन्हा याल?"

"म्हणजे काय!"

शैलाबाईंनी वही त्याच्यापुढे सरकवली. गुरुनाथ ताडकन सावध झाला.

"छे छे! मी घरचा. घरचं कोणी चालणार नाही, मीच लिहिलंय."

"तुम्ही घरचे?" शैलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "जावई कधी घरचा असतो का? सोळा वर्षांत मी तुम्हाला एकदा तरी अरे-तुरे केलंय? कराडला आलात की हातानं पाण्याचा तांब्या घेऊ दिलाय? कुठलाही जावई पाहुणाच. विचारा कोणालाही."

गुरुनाथनं कागद उचलला. 'घरचं कोणी चालणार नाही.' घरचं म्हणजे कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी असा कागद दिला असता तर त्यानं तो लाल शेरे मारून परत पाठवला असता.

"डेफिनिशन कुठाय?" नीलिमानं अगदी त्याच्याच ऑफिसातल्या सुरात विचारलं.

"पण मी सही नाही केली तर?"

"नका करू. डब्यात अजून अकरा लाडू आहेत," शैलाबाई म्हणाल्या आणि चौथा हातात घेऊन उभ्या राहिल्या.

गुरुनाथनं घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोन मिनिटं कमी. त्यानं जिन्याकडे पाहिलं. चारुता कठड्याच्या फटीतून श्वास रोखून बघत होती.

"पेन कुठंय?" तो म्हणाला.

शनिवारी दिवसभर जत्रेत गुरुनाथचा जीव झालरीत गुदमरला. निदान सुरुवातीला. मग तिथल्या पोरापोरींनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले आणि तो दाराशी उभा राहून येणाऱ्याला वाकून 'आलात? हात धुवा' म्हणायला लागला. चारुतानं त्याला दोनदा तिथून ओढून नेलं. ऑफिसात रुचिरचे फोटो मंगळवारीच पोचले होते, त्यामुळे आता लाज वाटायला काही उरलंही नव्हतं.

संध्याकाळी सहाला दोघं घरी आले. पाय मोडून आलेले, कान एका बाजूला कललेले. गुरुनाथनं बेल वाजवली. आज तरी दार उघडून कोणीतरी म्हणेल, या मालक, दमलात, अशी त्याला उगाच आशा वाटली.

दार हेंकनं उघडलं. साडेबाराला आलेला तो अजून घरी गेलेला नव्हता. त्याच्या शर्टावर बेसन होतं आणि गालात लाडू. त्यानं गुरुनाथकडे डोक्यापासून पायांपर्यंत नीट पाहिलं, लाडू गिळला आणि शैलाबाईंनी आठवडाभर कुंपणावरून शिकवलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाला,

"आलात? चपला बाहेर!"